सरकता काठ

लास व्हेगसहून निघालेली गाडी बोल्डर सिटीची चढण ओलांडून पलीकडे उतरू लागली, की समोर लेक मीड येतं. डोळे पाणी शोधत असतात, पण आधी नजरेत भरतो तो पांढरा पट्टा. तपकिरी, काळसर, मधूनच विटकरी असे उघडेबोडके डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याला कुणी चुन्याचा हात फिरवावा तसा सगळीकडे सारख्याच उंचीवर गेलेला पांढरा पट्टा. त्याची वरची कड दोरी लावून आखल्यासारखी सरळ. पाणी तिच्या खूप खाली, निळं आणि स्वस्थ.

बोअरच्या पाण्याने आंघोळीच्या बादलीला आतून जो थर चढतो, तोच हा. कोलोरॅडो नदीच्या पाण्यात क्षार भरपूर. खडक बुडालेला असताना त्याच्यावर कॅल्शियम कार्बोनेटचं पूट चढत गेलं आणि पाणी उतरलं तसं ते उघडं पडलं. जुलै १९८३ मध्ये इथली पाणीपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १२२५ फूट होती. त्या वर्षी वरच्या पर्वतांत बर्फ इतकं पडलं होतं, की धरणाच्या सांडव्यांवरून पाणी सोडावं लागलं. जुलै २०२२ मध्ये तीच पातळी सुमारे १०४० फुटांवर आली. फरक १८५ फुटांचा, म्हणजे अठरा मजली इमारत पाण्याखालून बाहेर यावी इतका.

इथे लोक येतात ते बोटीत बसायला, गळ टाकायला आणि तंबू ठोकायला. ही तिन्ही कामं काठावरची. आणि लेक मीडचा काठ एका जागी राहत नाही, म्हणून मी काठापासूनच सुरुवात करतो.

लेक मीड हा हूवर धरणाचा जलाशय. नेवाडा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर, मोहावी वाळवंटात, ब्लॅक कॅन्यन नावाच्या घळईत कोलोरॅडो नदी अडवली आहे. १९३१ मध्ये काम सुरू झालं, ३० सप्टेंबर १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकार्पण केलं. धरणाची उंची ७२६ फूट. जलाशयाला नाव मिळालं ते एलवूड मीड यांचं. अमेरिकेच्या ज्या सरकारी खात्याने हे धरण बांधलं त्याचे ते प्रमुख होते आणि जानेवारी १९३६ मध्ये वारले. तळं काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे १२५० टीएमसी पाणी मावतं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बातम्या वाचून टीएमसी ज्यांच्या तोंडी बसला आहे, त्यांना हा आकडा लगेच कळेल: कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा. एका लेक मीडमध्ये बारा कोयना मावतात.

कोयनेशी त्याचं आणखी एक नातं आहे, आणि ते नुसत्या तुलनेचं नाही. पाणी भरू लागलं तसे या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. मे १९३९ मध्ये एक धक्का ५ तीव्रतेचा होता. जलाशयाचं वजन, खडकाच्या भेगांत शिरणारं पाणी आणि भूकंप यांचा संबंध शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नीट तपासला तो इथे. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि हाच प्रश्न आपल्या दारात आला. तेव्हा जगातल्या जुन्या दाखल्यांत लेक मीडचा दाखला पुढे होता. त्या निळ्या पाण्यात बोटीतून जाताना मला ही गोष्ट राहून राहून आठवत होती.

वाळवंटात एवढं पाणी आलं कुठून, हे विचारायलाच हवं. लास व्हेगसला वर्षाकाठी जेमतेम चार-साडेचार इंच पाऊस पडतो. तळ्याच्या पृष्ठभागावरून मात्र वर्षाला सुमारे सहा फूट पाण्याची वाफ होते. आभाळ देतं त्याच्या पंधरापटीहून जास्त परत नेतं. तळं जगतं ते रॉकी पर्वतात हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फावर. शेकडो मैल दूर वायोमिंग आणि कोलोरॅडोच्या डोंगरांवर बर्फ किती साचलं, यावर इथली बोट पाण्यात सुटणार की चिखलात अडकणार हे ठरतं. आणि आलेल्या पाण्याला वाटेकरी किती! सात राज्यांनी १९२२ मध्ये करार करून नदी वाटून घेतली, १९४४ च्या तहाने मेक्सिकोचा हिस्सा ठरला. १९२२ चा हिशेब ज्या वर्षांवरून मांडला, ती वर्षं नेमकी भरपूर पाण्याची होती. नदीत नाही तेवढं पाणी कागदावर वाटलं गेलं, आणि त्याची भरपाई तळं आजवर करत आलं आहे.

१९३६ मध्ये या परिसराच्या सहलींची व्यवस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली आणि १९६४ मध्ये संसदेने कायदा करून याला देशातलं पहिलं राष्ट्रीय विहारक्षेत्र केलं. क्षेत्र पंधरा लाख एकरांचं, त्यातला बहुतेक भाग कोरडा डोंगर आणि माळ.

आम्ही गेलो मार्चमध्ये, मी आणि माझा पुतण्या. तो तिकडेच नोकरीला असतो. मार्च ही त्याचीच निवड, आणि ती शहाणपणाची होती. जून ते सप्टेंबर इथे पारा सहज ४३ अंशांवर जातो. ७ जुलै २०२४ ला लास व्हेगसमध्ये तो जवळपास ४९ अंशांवर गेला होता. हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसतच नाही, येतो तसा उडून जातो, आणि आपल्याला पाणी कमी पडतंय हे माणसाला कळत नाही. दर माणशी दिवसाला चार लिटर पाणी बरोबर ठेवा असं उद्यानवाले सांगतात. मार्चमध्येसुद्धा आम्ही ते संपवलं.

बोट ट्रेलरवरून पाण्यात सोडण्यासाठी काँक्रीटचा उतार असतो, त्याला तिकडे रॅम्प म्हणतात. एरवी कुणी त्याकडे पाहणारही नाही. इथे मात्र तो पाहत मी अर्धा तास उभा होतो. वरचा भाग जुना, काळवंडलेला. मग जोड दिसतो, पुढचं काँक्रीट जरा उजळ. आणखी पुढे अजून एक जोड. पाणी खाली गेलं, की रॅम्प लांबवायचा. काँक्रीट ओतायला सवड नसेल तर लोखंडी नळ्यांची चटई अंथरायची आणि तीवरून चाकं न्यायची. तळ्याचा तळ जिथे सपाट आहे, तिथे पातळी एक फूट उतरली तरी पाणी कितीतरी लांब जातं. कागदावरचा फूट उभा असतो, बोटवाल्याचा आडवा. २०२२ च्या उन्हाळ्यात मुख्य रॅम्प एकामागून एक कोरडे पडत गेले आणि हेमेनवे हार्बरचा रॅम्प तेवढा कसाबसा चालू राहिला.

बोटींचे तरंगते धक्के तर आख्खेच्या आख्खे हलवावे लागले. लास व्हेगस बे इथला धक्का २००२ मध्ये ओढून दुसरीकडे नेला, काही वर्षांनी ओव्हर्टन बीचचा नेला. दुकान, पेट्रोलपंप, शेकडो बोटींच्या जागा, सगळं तरंगत दुसऱ्या खाडीत जाऊन बसलं. मागे राहिले ते पार्किंगचे पट्टे आणि रस्त्याच्या टोकाला कोरडी दरी.

आम्ही भाड्याने घेतलेली बोट दोन पोकळ नळकांड्यांवर सपाट फळी टाकलेली, वर छत असलेली पाँटून होती. निघण्याआधी लाइफ जॅकेट मोजून दिली गेली. तेरा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ती घालणं कायद्याने सक्तीचं आहे, मोठ्यांनी जवळ ठेवली तरी चालतं. आम्ही घातलीच. सकाळी नऊला पाणी तेल ओतल्यासारखं होतं. पलीकडे ॲरिझोनाच्या बाजूला फॉर्टिफिकेशन हिल उभी होती: सपाट माथ्याची, वर काळ्या बेसाल्टचा थर. सह्याद्रीचा कातळ पाहत मोठं झालेल्या माणसाला ती टेकडी ओळखीची वाटली.

दीडच्या सुमाराला वारा उठला. काही चाहूल नाही, ढग नाही. आधी लांबवर पाण्याचा रंग गडद झाला, मग त्या गडद पट्ट्यात पांढरे ठिपके दिसले आणि पाच मिनिटांत बोटीच्या तोंडावर लाटा फुटायला लागल्या. या भागात तळं कित्येक मैल मोकळं पसरलं आहे, वाऱ्याला अडवायला झाड नाही, आणि लाट जितकी लांबून येते तितकी मोठी होते. पुतण्या सुकाणू धरून म्हणाला, "काका, खाली बसा आणि धरून ठेवा." लाटांना बोटीची बाजू न देता, तोंड तिरकं ठेवून आम्ही डोंगराच्या आडोशाला आलो आणि तिथे नांगर टाकून दोन तास थांबलो. इथे माणसं दगावतात ती बहुतेक अशाच दिवसांत. फुगवलेली गादी किंवा रिकामी बोट वाऱ्याने वाहत जाते, तिच्या मागे कुणीतरी जॅकेटशिवाय पोहत निघतो, आणि वारा माणसापेक्षा वेगाने जातो. गेली ती वस्तू जाऊ द्यावी, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो.

धरणाच्या खालच्या अंगाला निराळाच प्रकार आहे. तिथे कोलोरॅडोचं पाणी तळ्याच्या पोटातून बाहेर येतं, बारमाही सुमारे १२ अंशांचं, आणि काचेसारखं हिरवं. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबूस. नदीची ती तांबडी माती आता वरच तळ्यात बसून राहते. ब्लॅक कॅन्यनच्या उभ्या भिंतींमधून कयाक वल्हवत जाणारे लोक मोठ्या हौसेने येतात. भर उन्हात या पाण्यात पडलं तर धाप लागून श्वास आवरत नाही. कडेला गरम पाण्याचे झरे आहेत, पण त्यांत डोकं बुडवायचं नाही: नाकावाटे मेंदूत शिरणारा जीवघेणा अमीबा अशा पाण्यात असू शकतो.

बोट परत देताना पुतण्याने शेजारच्या एका बोटीकडे बोट दाखवलं. मालकाने मागच्या बाजूचं बूच काढलं होतं आणि पोटातलं पाणी रॅम्पवरून ओघळत होतं. मग त्याने फडक्याने एकेक सांधा पुसला, नांगराचा दोर उलगडून उन्हात पसरला. एवढी निगुती कशासाठी, ते दोराच्या गाठीत दिसलं. करंगळीच्या नखाएवढे, तपकिरी रेघांचे चार-पाच शिंपले तिथे घट्ट चिकटले होते. हे क्वागा शिंपले. मूळ युक्रेनच्या नीपर नदीकडचे, लेक मीडमध्ये जानेवारी २००७ मध्ये सापडले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी राहिलं तरी त्यातून ती शेकडो मैलांवरच्या स्वच्छ तळ्यात पोचतात, पाण्याच्या नळांत थरावर थर करून बसतात आणि नळ बुजवतात. म्हणून इथून बाहेर पडणारी बोट रिकामी करायची, धुवायची, पुरती वाळवायची. खडकांवर, धक्क्याच्या खांबांवर सगळीकडे ते आहेत. अनवाणी पाय टाकला तर कापतो.

गळ टाकणाऱ्यांची दुनिया पहाटे जागी होते. धक्क्याच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला आमिष कसं लावायचं ते दाखवलं. गोठवलेली अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीची चुलत बहीण. तिचा तिरका तुकडा कापून गळ दोनदा आरपार न्यायचा, नाहीतर मासा नुसतं आमिष ओरबाडून नेतो. ते बसले होते स्ट्राइप्ड बाससाठी. अंगावर आडव्या काळ्या रेघा असलेला हा मासा मूळचा अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा. १९६९ मध्ये तो इथे सोडला आणि तो असा रुजला, की आता इथला मुख्य शिकारी तोच. त्याचं खाणं असलेली शॅड मासळी त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात आणलेली. उन्हाळ्याच्या पहाटे बासची टोळी शॅडला खालून रेटत वर आणते, आणि पाणी उकळल्यासारखं खळबळतं. त्या खळबळीत गळ पडला, की गळाची काठी लगेच वाकते. आम्हाला मार्चमध्ये ते दिसलं नाही. मला एक मासा मिळाला, हातभर लांबीचा. तो आम्ही रात्री निखाऱ्यावर भाजला, हळद-मीठ-तिखट लावून.

ज्या माशाबद्दल मला लिहायचंच होतं, तो मात्र कुणाच्या गळाला लागावा असं वाटत नाही, आणि चुकून लागला तर सोडून द्यायचा असतो. रेझरबॅक सकर. डोक्यामागे पाठीवर होडीच्या कण्यासारखा धारदार उंचवटा, तोंड खालच्या बाजूला. लाल गढूळ पुरात, गरम पाण्यात तगण्यासाठी घडलेला हा इथला मूळ रहिवासी. धरणांनी पाणी थांबवलं, निवळवलं, गार केलं. वर बाहेरून आणलेल्या शिकाऱ्यांना त्या निवळ पाण्यात त्याची पिल्लं स्पष्ट दिसू लागली. लेक मीडच्या खाली १९५१ मध्ये डेव्हिस धरण पूर्ण होऊन लेक मोहावी तयार झालं, तिथे कित्येक दशकं हे मासे हजारोंनी दिसत होते, म्हणून कुणाला काळजी नव्हती. मग अभ्यासकांनी त्यांच्या कानातल्या हाडाच्या कड्या मोजल्या. झाडाच्या कड्यांसारखं वय त्यातून कळतं. सगळे मासे म्हातारे निघाले. हा मासा चाळीस वर्षांहून अधिक जगतो. तळं भरत होतं त्या सुमारास जन्मलेली ती एकच पिढी होती आणि तिच्यामागे तरुण कुणीच नव्हतं. दरवर्षी अंडी घातली जात होती, पिल्लं फुटत होती आणि एकूण एक खाल्ली जात होती.

१९९० नंतर तिथे एक काम सुरू झालं. हिवाळा सरताना, रात्री, लोक बोटीतून उथळ काठाशी जातात आणि पाण्यात दिवा सोडतात. उजेडाकडे पिल्लं येतात: काचेच्या धाग्यासारखी, दोन काळे डोळे तेवढे दिसावेत अशी. हातातल्या छोट्या जाळीने ती एकेक करून उचलायची, हौदात वाढवायची, शिकाऱ्याच्या तोंडात मावणार नाहीत इतकी मोठी झाली, की परत सोडायची. लेक मीडमध्ये जिथे ओढ्यांचं गढूळ पाणी येतं आणि काठाला झुडपं बुडालेली असतात, अशा काही मोजक्या खाड्यांत मात्र याच माशांची पिल्लं माणसाच्या मदतीशिवाय वाढतात. गढूळपणा हा त्यांचा आडोसा.

आमचा तंबू बोल्डर बीचच्या आवारात होता. दर जागेला टेबल, शेगडी, थोड्या अंतरावर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह. सावलीला कण्हेर आणि खजुरीच्या जातीची झाडं लावलेली. कण्हेर आपल्याकडे देवाला वाहतात, तिचं विष आपल्याला माहीत असतं. तरी सांगतो, तिच्या काड्या शेकोटीत घालू नयेत, मासा भाजायला तर नाहीच नाही. जमीन खडीची. साध्या मेखा दोन बोटं जाऊन वाकल्या. शेवटी आम्ही तणावे मोठ्या धोंड्यांना बांधले, आणि संध्याकाळी परत वारा सुटला तेव्हा तंबू फडफडला पण उभा राहिला. शेजाऱ्यांचा रिकामा तंबू चेंडूसारखा गडगडत गेला, तो आम्ही दोघांनी धावत जाऊन धरला.

तंबू ठोकायचा नाही अशी जागा म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र. सपाट वाळू, वाऱ्याचा आडोसा, म्हणून ती मोह घालते. वाळवंटाची भाजलेली जमीन पाणी पीत नाही, डोंगरामागे पडलेला पाऊस भिंतीसारखा येतो. १४ सप्टेंबर १९७४ ला लेक मोहावीच्या काठी एल्डोराडो कॅन्यनमधून असाच लोंढा आला आणि तिथला बोटींचा धक्का घेऊन गेला. निदान नऊ माणसं गेली.

या किनाऱ्यावर तंबूत राहणारे आम्ही पहिले नव्हतो. १९३१ मध्ये, महामंदीत, धरणावर काम मिळेल या आशेने देशभरातून माणसं बायकामुलांसह इथे आली. हेमेनवेच्या ओढ्याच्या तोंडाशी, नदीकाठी त्यांची वस्ती पडली: फाटकी कापडं, खोकी, गाडीचं छप्पर. लोक तिला रॅगटाउन म्हणत, चिंध्यांचं गाव. प्यायला नदीचं गढूळ पाणी, आणि पारा ४९ अंशांच्या घरात. उष्णतेने तिथे माणसं मेली. त्या वर्षी कामगारांसाठी बोल्डर सिटी उभं राहू लागलं, आणि रॅगटाउनची जागा पुढे तळ्याखाली गेली. रात्री तंबूबाहेर खुर्ची टाकून बसलो, पश्चिमेला डोंगरामागे लास व्हेगसचा उजेड आणि पूर्वेला काळोखात गच्च तारे, तेव्हा समोरच्या पाण्याखाली ती चिंध्यांची पालं आहेत, हे विसरता येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी आम्ही उत्तरेला सेंट थॉमसला गेलो. १८६५ मध्ये मॉर्मन लोकांनी वसवलेलं शेतीचं गाव. तळं भरत आलं तसे लोक उठले. जून १९३८ मध्ये शेवटचा माणूस दाराशी पाणी आल्यावर होडीत बसून गेला. नंतर एक-दोन दुष्काळांत गाव थोडं वर आलं, आणि २००२ च्या सुमारास जे उघडं पडलं ते अजून उघडंच आहे. उजनीचं पाणी हटल्यावर पळसदेवचं मंदिर पाहायला गेलेल्यांना इथली शांतता ओळखता येईल. झाऊच्या झुडपांतून पायवाट जाते. घरांचे चौथरे, पाणी साठवायचे हौद, रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीने उभे कॉटनवुडच्या झाडांचे बुंधे. सावलीसाठी कुणीतरी लावलेल्या त्या ओळीवरूनच रस्ता कुठून जात होता ते कळतं.

शाळेच्या पायऱ्या शाबूत आहेत. वर शाळा नाही. पुतण्या तिथे बसला, बाटलीतलं उरलेलं पाणी त्याने मला दिलं. आजूबाजूला जमिनीवर पांढरे शिंपले विखुरले होते, चालताना पायाखाली करकर वाजणारे. तळं तिथून दिसतही नव्हतं. मी पायरीच्या फटीत बोट घातलं, तर आत माती होती, बारीक, मऊ, तांबूस.